केसपेपरचे चार कोपरे

त्या दवाखान्यातल्या काउंटरची काच सव्वीस वर्षांत तीनदा फुटली आणि तिन्ही वेळा कोपरेबाई तिथे हजर होती. पहिल्यांदा काचेच्या पुढे, नंतर दोन्ही वेळा मागे. तिचं आयुष्य मोजायचंच झालं तर या तीन काचांनी मोजावं. मोजण्यासारखं दुसरं काही तिने साठवलंच नाही.

कोपरेबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पगाराच्या कागदावर दुसरंच काहीतरी होतं, पण त्या नावाने हाक मारली तर ती स्वतःसुद्धा वळून बघायची नाही. दवाखान्याच्या आजूबाजूच्या चार गल्ल्यांनी तिला हे नाव दिलं होतं, आणि का दिलं ते सगळ्यांना ठाऊक असून कुणी उघड बोलत नव्हतं.

दवाखाना तसा लहान. एक तपासायची खोली, एक इंजेक्शनची आणि मलमपट्टीची, आणि मध्ये बोळासारखी बसायची जागा. भिंतीला लांब बाक, बाकासमोर काउंटर, काउंटरमागे उंच स्टूल. त्या स्टुलावरून बाकावर बसलेल्या माणसांचे पाय अगदी नखांपर्यंत दिसायचे. पेशंट दोन तऱ्हेचे. कार्डवाले आणि रोखवाले. कार्डवाल्यांकडे विम्याचं कार्ड असायचं. त्यांचा नंबर लिहून घेतला की पुढचं डॉक्टर आणि विमा कंपनी बघून घेत. त्यांचा ताप अंगाला यायचा, खिशाला यायचा नाही. रोखवाल्यांना विमा नव्हता, त्यांचा ताप आधी खिशाला चढायचा. या रोखवाल्यांकडून फी किती घ्यायची हे त्या दवाखान्यात डॉक्टर ठरवत नव्हते. कोपरेबाई ठरवायची.

कसं ठरवायची? तोंडातून चकार शब्द न काढता. पेशंट बाकावर बसला की ती त्याच्या पायांकडे बघायची, मग हातांकडे, आणि नव्या केसपेपरचा कोपरा मोडायची. एक कोपरा मोडला म्हणजे निम्मी फी. दोन म्हणजे चौथाई. तीन म्हणजे फक्त औषधाचे पैसे. चारही मोडले की एक छदामही नाही. कागद आत गेला की डॉक्टर कोपरे बघून औषध लिहायचे आणि कंपाउंडर कोपरे बघून इंजेक्शनचे पैसे लावायचा. आणखी एक रीत होती. ज्याचे कोपरे मोडलेले आहेत असा पेशंट ठरल्या दिवशी आला नाही, तर कंपाउंडर सायकल काढून त्याच्या घरी जायचा. सरळ कोपऱ्यांच्या माणसाकडे कुणी जात नसे. तो आला नाही म्हणजे दुसऱ्या डॉक्टरकडे गेला असेल, त्याला काय तोटा! ही रीत ध्यानात असू द्या.

ही पद्धत मोठ्या डॉक्टरांची. कोपरेबाई ती शिकली ती स्वतःच्या मोडक्या हाडांवर.

तेव्हा ती पंचविशीची होती. नवरा ट्रक चालवायचा आणि ट्रकवरून उतरला की हात चालवायचा. कधी भाजी खारट, कधी दार उघडायला उशीर, कधी काहीच नाही. त्या दिवशी काहीच नव्हतं. त्याने तिचा डावा हात दाराच्या चौकटीवर धरला आणि दार ओढून घेतलं. एकदा ओढलं, हात मध्येच होता म्हणून दार लागलं नाही, म्हणून पुन्हा ओढलं. मग तिने बाहेर पडू नये म्हणून तिच्या चपला गटारात फेकल्या आणि झोपला. ती लोंबता मनगट छातीशी धरून शेजारणीकडे गेली. शेजारीण म्हणाली, "अगं, डॉक्टरकडे अशी अनवाणी जातेस? भिकारीण समजून हाकलतील." तिने आपल्या चंदेरी पट्ट्यांच्या, उंच टाचेच्या चपला काढून दिल्या. लग्नकार्याच्या चपला त्या. त्या घालून कोपरेबाई दवाखान्यात आली आणि बाकावर बसून दातांवर दात आवळून राहिली. तेव्हा काउंटरवर मोठे डॉक्टर स्वतःच बसायचे. त्यांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता केसपेपरचे चारही कोपरे मोडले.

प्लास्टर ओलं होतं तेवढ्यात नवरा आला. ट्रकमधली पहार घेऊन आला होता. "बायको कुठाय माझी? कुणाला विचारून आणलीत तिला?" असं म्हणत त्याने पहार काउंटरच्या काचेत घातली. काचा बाकावरच्या लोकांच्या मांडीत पडल्या. मोठे डॉक्टर तसे किडकिडीत, आवाजही बारीक. ते इंजेक्शनच्या खोलीतून सलाइनचा लोखंडी स्टँड घेऊन बाहेर आले आणि काही न बोलता दोन्ही हातांनी तो नवऱ्याच्या खांद्यावर आणला. गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. नवरा खाली बसला. डॉक्टरांनी स्टँड जागेवर ठेवला, त्याला टेबलावर घेतलं, हाड बसवलं, पट्टा बांधला आणि त्याचाही केसपेपर काढला. कोपरे सरळ. पूर्ण फी. ट्रकवाल्याचे बूट कोरे करकरीत होते.

नवरा पुन्हा आला नाही. पुढे तो दुसऱ्या गावी दुसऱ्या बाईला मारतो असं कानावर आलं. कोपरेबाईला वाईट वाटलं ते त्या बाईचं.

प्लास्टर निघालं त्या दिवशी मोठे डॉक्टर म्हणाले, "मला तपासायचं आणि पैसे घ्यायचं दोन्ही जमत नाही. बसशील इथे?" ती बसली. शिकवताना त्यांनी तिला दोनच गोष्टी सांगितल्या. एक, पायांकडे बघ, तोंडाकडे नको. दुसरी, विचारू नकोस. विचारलं की माणूस लाजतो आणि लाजलेला माणूस परत येत नाही. तिने एकदा हसत विचारलं, "मग मी तर लग्नाच्या चपला घालून आले होते. माझे चारही कसे मोडलेत?" ते म्हणाले, "तू चालताना टाच चपलेबाहेर येत होती. पायताण बघायचं नाही गं, ते पायाला होतंय का ते बघायचं." हे तिने ऐकलं, हसली आणि पुढच्या पंचवीस वर्षांत हळूहळू विसरली. कामात हात बसला की माणूस शिकवण विसरतो आणि सवय तेवढी धरून ठेवतो.

नजर मात्र तयार झाली. कापड दुकानाचा मालक एकदा बायकोच्या तुटक्या स्लिपर घालून आला, का तर निम्म्या फीत काम होईल. तिने त्याच्या बोटावरचा अंगठी काढल्याचा पांढरा वळ बघितला आणि कागद इस्त्री केल्यासारखा सपाट ठेवला. एका ठेकेदाराने पूर्ण फी ऐकून पेपरवेट मारला, ती दुसरी काच. तिने कागदाला भोकं पाडायचं जड यंत्र उचललं आणि काउंटरवर टेकलेल्या त्याच्या बोटांवर आपटलं. मग तीच बोटं कंपाउंडरने बांधून दिली आणि त्याचेही पैसे तिने पूर्ण लावले. गल्लीत आठवडाभर हाच विषय होता. ती म्हणायची, "सगळी सोंगं आणता येतात हो, पैशाचं सोंग आणता येत नाही. माझ्यापुढे तर नाहीच नाही." हा गर्वच होता. पण तो फुकटचा नव्हता, म्हणून कुणी तिला टोकलं नाही.

टोकलं ते एकीनेच. मोठे डॉक्टर गेल्यावर त्यांची मुलगी दवाखाना चालवायला लागली. तिला सगळे छोट्या डॉक्टर म्हणत. ती परकर-पोलक्यात होती तेव्हापासून कोपरेबाईच्या स्टुलाला लटकून वाढलेली. तिला भिंतीवर फलक हवा होता. विमा नसलेल्यांची फी अमुक, सवलत हवी असेल तर उत्पन्नाचा दाखला आणा.

"दाखला काढायला दोन दिवस जातात, डॉक्टरबाई," कोपरेबाई म्हणाली. "न्यूमोनिया थांबतो का दोन दिवस?"

"मग सरळ विचारा ना मावशी. किती जमेल म्हणून. त्यात काय एवढं?"

"तुमच्या वडिलांनी कधी विचारलं नाही."

"आणि तुमचा अंदाज चुकला तर?"

"सव्वीस वर्षांत चुकला नाही."

फलक तेवढ्यावर राहिला. छापून आणलेला कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभा होता.

एका सोमवारी सकाळी, गर्दीच्या वेळी, एक जोडपं आलं. या भागातलं नव्हतं. बाई तापाने फणफणलेली, नवऱ्याच्या खांद्यावर मान टाकून श्वास ओढत होती. कोपरेबाईने पाय बघितले. नवऱ्याचे बूट तपकिरी चामड्याचे, जाड तळाचे, असे चकाकत होते की त्यात बाकाचा पाय दिसावा. एका महिन्याच्या पगारात येणार नाहीत असे बूट. मग हात बघितले. बोटांच्या पेरांत काळं मुरलेलं. तिने मनात म्हटलं, गॅरेजचा मालक असेल, मालकाचेही हात काळे होतातच. कागद सपाट राहिला. त्या माणसाने खिशातून नोटा काढल्या, मग दुसऱ्या खिशातून चिल्लर, आणि शेवटची नाणी एकेक करून काचेखालून सरकवली. तीही तिने बघितली आणि मनात म्हणाली, मोठ्या माणसांना सुटे खपवायची भारी हौस.

छोट्या डॉक्टरांनी तपासून बाहेर येऊन बजावलं, "छातीत बरंच भरलंय. पाच दिवस रोज इंजेक्शन. एकही दिवस चुकवायचा नाही." माणसाने मान हलवली. जाताना बायकोला जवळजवळ उचलूनच नेत होता, आणि पाऊल उचलताना त्याची टाच बुटातून बाहेर येत होती, आत जात होती. कोपरेबाईने तेही बघितलं. बघितलं आणि पुढचा कागद घेतला.

मंगळवारी ते आले नाहीत. बुधवारीही नाहीत. कंपाउंडर म्हणाला, "ती न्यूमोनियावाली बाई राहिली. जाऊन येऊ का?"

"कोपरे सरळ आहेत," कोपरेबाई म्हणाली. "गेली असतील कुठल्या भारी डॉक्टरकडे, एसीत बसायला. तू ड्रेसिंग बघ."

गुरुवार गेला. शुक्रवार गेला.

पुढच्या सोमवारी दुपारी बाराच्या सुमारास तो माणूस एकटा आला. अनवाणी होता. दाढी वाढलेली, सदऱ्याला बाहीजवळ काहीतरी वाळलेलं. हातात आखूड दांड्याची, रुंद तोंडाची हातोडी. बाकावर पाच-सहा जण होते. त्याने कुणाकडे बघितलं नाही. कोपरेबाई कोऱ्या केसपेपरवर उजवा हात ठेवून बसली होती, समोरच्या म्हातारीचे कोपरे मोडायच्या बेतात. हातोडी काचेतून आली. काच तिच्या तोंडावर आली आणि त्यामागून हातोडी पुन्हा आली ती सरळ हातावर.

पहिल्या घावाला तिला दुखलंच नाही. तिने आपली बोटं बघितली, ती आपली वाटत नव्हती. दुसऱ्या घावाला ती किंचाळली.

"ते बूट माझे नव्हते!" तो ओरडत होता. "गिऱ्हाइकाचे होते ते बूट! मी बूट शिवतो, जिन्याखाली बसून बूट शिवतो मी! डॉक्टरकडे जाताना माणसासारखं जावं म्हणून घातले होते! सगळे घेतलेत तुम्ही पहिल्याच दिवशी! दुसऱ्या दिवसाला काय आणू? काय आणू मी?" तिसऱ्यांदा हातोडी वर गेली. "काल मेली ती! मोठ्या हॉस्पिटलच्या दारात मेली!"

तिसरा घाव बसला नाही. मागून कंपाउंडरने त्याच्या कमरेला मिठी घातली, दोघेही खाली पडले, आणि मग बाकावरचे सगळे उठले.

जमावाला हात असतात, डोळे नसतात. त्यांना एवढंच दिसलं की बाईला मारलं. लॉन्ड्रीवाला पलीकडून धावत आला, टायरच्या दुकानातले दोघे आले. कुणी त्याचे केस धरले, कुणी पाय. त्याचं डोकं बाकाच्या लोखंडी पायावर आपटलं, पुन्हा आपटलं. टायरवाल्याने बरगड्यांत लाथ घातली तेव्हा त्याच्या तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून म्हातारीने कान झाकले. "मार साल्याला! बाईमाणसावर हात टाकतो!" "हात मोड त्याचा!" जो तो आपापला जुना राग काढत होता. कुणाचा मालकावरचा, कुणाचा घरातला, तो सगळा या पाहुण्यासारख्या चालत आलेल्या माणसावर. तो आता ओरडत नव्हता. छोट्या डॉक्टर दारात फोन कानाला लावून उभ्या होत्या आणि "थांबा, थांबा" म्हणत होत्या. त्यांचं कुणी ऐकत नव्हतं.

कोपरेबाई काउंटरमागून बाहेर आली. उजवा हात पोटाशी धरलेला, कपाळावरून रक्त डोळ्यात उतरत होतं. तिला फक्त त्याचे पाय दिसत होते. इतक्या पायांमध्ये ते दोन अनवाणी पाय, लहान, बोटं आखडलेली. या पायांना ते बूट दोन बोटं मोठे होते. टाच बाहेर येत होती. तिला शेजारणीच्या चंदेरी चपला आठवल्या आणि हाताची कळ मागे राहिली. आपण बघितलं होतं. सगळं बघितलं होतं, टाच, काळे हात, चिल्लर. आणि कंपाउंडर जातो म्हणाला तेव्हा आपणच त्याला अडवलं. ही बाई आपण मारली. आता हाही आपल्या डोळ्यांदेखत मरणार.

"सोडा त्याला!" ती ओरडली. ऐकतंय कोण! ती त्याच्या अंगावर वाकली तर एक लाथ तिच्याच पाठीत बसली. मग ती इंजेक्शनच्या खोलीत गेली. सलाइनचा स्टँड तोच होता, जुना, गंजलेला. तिने तो एका हाताने, त्या वाकड्या डाव्या मनगटाने उचलला आणि बाहेर येऊन आडवा फिरवला. लॉन्ड्रीवाल्याच्या खांद्यावर बसला. तो बोंबलत मागे सरला. दुसऱ्यांदा फिरवला तो टायरवाल्याच्या गुडघ्यावर.

"माझा पेशंट आहे तो!" ती म्हणाली. आवाज फाटला होता. "जो हात लावेल त्याचं हाड मोडीन. मला मारलंय त्याने, तुम्हाला नाही. चूक माझी आहे. कळलं? माझी!"

त्यांना काही कळलं नाही, पण स्टँड कळला. बोळातली माणसं मागे सरली, काचांवर पाय वाजायला लागले.

त्याला टेबलावर घेतलं तेव्हा एक डोळा पुरता मिटला होता आणि डोक्याची कातडी कानापासून वर फाटलेली. छोट्या डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, आधी तुमचा हात दाखवा."

"आधी त्याचं डोकं शिव," कोपरेबाई म्हणाली. नोकरीच्या वेळात ती तिला अहो-जाहो करायची. आज विसरली. "तुझ्या बापाने माझ्या नवऱ्याचं हाड बसवलं होतं. तू याला शिव."

तिने डाव्या हाताने कोरा केसपेपर टेबलावर ठेवला. एका हाताने कोपरा मोडेना. तिने कागद तोंडाशी नेला आणि दातांनी मोडला. एक, दोन, तीन, चार. कागदाला तिच्या कपाळाचं रक्त लागलं. तो माणूस एका डोळ्याने बघत होता.

"हे काय?" त्याने विचारलं.

कंपाउंडर खाली मान घालून म्हणाला, "चार कोपरे म्हणजे फी नाही. एक म्हणजे निम्मी."

टाके पडत होते. त्याने कागदाकडे पुन्हा बघितलं. मग म्हणाला, "तिच्या कागदाला किती होते?"

छोट्या डॉक्टरांची सुई थांबली. उत्तर कुणीतरी एकानेच द्यायचं होतं.

"एकही नाही," कोपरेबाई म्हणाली. "मी बूट बघितले. चुकले मी."

"चुकलीस," तो म्हणाला. शिवीसुद्धा दिली नाही.

त्याने हात लांबवून कागद ओढून घेतला आणि छातीवर ठेवून अंगठ्याने एकेक कोपरा सपाट करायला लागला. चामडं तळाशी चिकटवल्यावर दाबतात तसा जोर देऊन, सावकाश, घडीची खूणही राहू नये असा. चारही झाले. मग सदऱ्याच्या आतल्या खिशातून नोटांची गुंडाळी काढली. "बूट शिवायचं मशीन विकलं शनिवारी. इंजेक्शनला. घरी आलो तोवर तिची शुद्ध गेली होती." गुंडाळी त्याने कागदावर ठेवली. "तिचे पूर्ण घेतलेत. माझेही पूर्ण घ्या."

छोट्या डॉक्टर म्हणाल्या, "नको हो, अहो कसले पैसे..." पण कोपरेबाईने त्यांना डोळ्यांनी गप्प केलं. ते पैसे नाकारले असते तर तिच्या जिवाला बरं वाटलं असतं, त्याच्या नाही. तिने डाव्या हाताने पूर्ण फी मोजून घेतली, उरलेले त्याच्या मुठीत ठेवले आणि वेड्यावाकड्या अक्षरांत कागदावर लिहिलं, पूर्ण. तेव्हा मात्र तिला रडू फुटलं आणि तिने ते लपवलं नाही.

पोलीस आले. हवालदाराने वही काढली. "हात कशाने मोडला, बाई?"

"काच पडली."

"आणि ही हातोडी?"

"बूट शिवणारा माणूस आहे. हातोडी असणारच त्याच्याकडे. तुमच्याकडे नाही का दांडका?"

हवालदाराने छोट्या डॉक्टरांकडे बघितलं. त्या काचा झाडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. बाकावरची म्हातारी म्हणाली, "मी काही बघितलं नाही बाबा, मला मोतीबिंदू आहे." लॉन्ड्रीवाल्याने खांदा चोळत तोंड उघडलं आणि कोपरेबाईकडे बघून मिटलं. वही तशीच मिटली. बूटवाला भिंत धरून उठला, हातोडी उचलली आणि कुणाशी न बोलता निघून गेला. जिन्याखालची जागा त्याने आठवड्यातच सोडली. कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. कोपरेबाईने कंपाउंडरला सायकलवर पाठवलं होतं, या वेळी कोपरे सरळ असताना पाठवलं, पण उशीर झाला होता.

दीड महिन्याने ती पुन्हा स्टुलावर बसली. नवी काच आली होती. उजव्या हाताची तीन बोटं मिटत नव्हती, त्यामुळे कोपरा मोडायचा प्रश्नच उरला नव्हता. छोट्या डॉक्टरांनी फलक कपाटामागून काढला, कात्रीने दाखल्याची ओळ कापली, आणि उरलेल्या फलकाचं काय करायचं ते न कळून पुन्हा तिथेच ठेवला. "मावशी, तुम्हीच ठरवा," त्या म्हणाल्या. "पण कसं ठरवणार आता?"

पहिला रोखवाला आला तो हमाल होता. आडदांड, पायाला गळू झालेलं, त्यावर फडकं. स्लिपर इतकी झिजलेली की सव्वीस वर्षं स्टुलावर बसलेली कोपरेबाई डोळे मिटून तीन कोपरे मोडती. आताची कोपरेबाई त्याच्या पायांकडे बघत बसली नाही. त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "विमा नाही ना? पाच दिवस ड्रेसिंगला यावं लागेल. पाचही दिवसांचं धरून सांगा, रोज किती जमेल?"

हमालाचं तोंड लालबुंद झालं. बाकावरची माणसं बघायला लागली. "तुला काय करायचंय माझ्या खिशाशी?" त्याने नव्या काचेवर मूठ आपटली, काच झणझणली. "भिकारी वाटलो काय? तुझ्या आयला, पैसे किती ते सांग, फेकतो!" आणखीही बरंच बोलला, लिहिता येणार नाही असं. कोपरेबाईचा मोडका हात आपोआप मांडीत गेला. भीती वाटली तिला, खोटं कशाला बोला. मोठे डॉक्टर म्हणाले होते तसाच तो लाजला होता, आणि लाजलेला माणूस परत येत नाही.

तिने त्याचं ओरडणं पूर्ण होऊ दिलं. मग पुन्हा विचारलं, "बोला. रोज किती जमेल?"

त्याने दात-ओठ खात एक आकडा सांगितला. अगदीच लहान. तिने तोच लिहिला, त्याचा पत्ताही लिहून घेतला, आणि तो लंगडत, पुटपुटत आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दार उघडलं तरी तो आला नव्हता. दहा वाजले, अकरा वाजले. कंपाउंडर सायकलची किल्ली शोधायला लागला. तेवढ्यात बाहेर पायरीवर कुणीतरी या दवाखान्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत चढत असल्याचं ऐकू आलं. हमालच होता. शिव्या देतच आला, पण आला.